पुण्याचं ‘पण’ होतं तेव्हा

मार्टिन फाउलर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९९९ साली ‘रिफॅक्टरिंग’ याच नावाचं जाडजूड पुस्तक काढून जगभरच्या प्रोग्रामरांची मोठी सोय केली. चालू प्रोग्रामची आतली मांडणी सुधारायची, पण बाहेरून तो होता तसाच वागला पाहिजे, हा त्या पुस्तकाचा गाभा. म्हणजे काम चोख झालं याची खूण काय, तर काहीच बदललेलं दिसत नाही. आमच्याकडच्या रस्त्यांच्या कैक कामांना हा निकष फार पूर्वीपासून लागू आहे. फक्त त्याला शास्त्राचा आधार नव्हता.

हा शब्द आमच्या चंद्रपूरच्या घरात शिरला तो भाच्यामुळे. भाचा पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या माडीवर बसून करतो आणि रात्रीची जेवणं झाली की एका मुक्तस्रोत म्युझिक सर्व्हरच्या कोडला लागतो. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही बदलावा आणि दोन्हीचे पैसे कुणीही मागू नयेत. “दिवसा पगाराचं काम अन् रातच्याला फुकटचं, तेही जास्त मन लावून,” असं माझी बायको, म्हणजे त्याची मामी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. एका सकाळी डोळे लाल करून तो खाली उतरला तेव्हा झालेला संवाद असा.

“काय करून राहिला होता रे रातभर?”

“रिफॅक्टरिंग, मामी.”

“म्हंजे?”

“कोड साफ करून राहिलो होतो.”

“मंग आता काय बदललं?”

“काहीच नाही! तेच तर पाहिजे होतं.”

मामी काही बोलली नाही. दुपारी पानात आदल्या दिवशीची भाजी आली, आणि भाच्याने तोंड उघडायच्या आत तिने सांगून टाकलं, “रिफॅक्टर केली आहे.”

म्युझिक सर्व्हर म्हणजे घरच्या एका यंत्रात आपली सगळी गाणी भरून ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही फोनवर ती ऐकायची. मोबाइलवर हवं ते गाणं आयतं मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडतो. भामरागडच्या माणसाला पडत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि रेंजचं म्हणाल तर रस्ता चालू असतानाही तिची हमी कुणी देत नाही. भाच्याचे आईवडील तिकडेच आलापल्लीला असतात. तिथे एक आणि आमच्याकडे एक, असे तळहाताएवढे दोन संगणक त्याने बसवलेत. इंटरनेट गेलं तरी गाणं चालू राहतं. वीज गेली तर मात्र गाणंही जातं. आमच्या उशाशी २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र आहे. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या गावात शब्दशः घ्यायची असते.

मे महिन्यात पारा ४६ च्या पुढे सरकला की हा चिमुकला संगणक तापतो आणि आपणहून वेग कमी करतो. मग त्याला कूलरसमोर ठेवावं लागतं. घरात हॉलमधला मोठा कूलर एकच, आणि त्याच्या तोंडाशी बसायचा मान वयाने ठरतो. गेल्या उन्हाळ्यात तो मान माझ्याकडून सर्व्हरकडे गेला.

या सर्व्हरांच्या घराण्यात भाऊबंदकी भरपूर. नॉर्वेच्या सिंद्रे मेहूसने सबसॉनिक काढला आणि २०१६ साली पुढच्या आवृत्तीचा कोड बंद करून टाकला. लोकांनी आधीचा उघडा कोड उचलून लिब्रेसॉनिक काढला. तिथेही बिनसलं, म्हणून २०१७ मध्ये एअरसॉनिक निघाला. नॅव्हिड्रोम एका ब्राझिलियन माणसाने वेगळ्या भाषेत मुळापासून लिहिला, पण फोनमधल्या ॲपशी बोलताना तोही सबसॉनिकच्याच रीतीने बोलतो. याच नॅव्हिड्रोमने २०२५ साली ०.५५ या आवृत्तीत गाणी वाचून घेणारा अख्खा भाग नव्याने लिहिला, तेव्हा कुठे एका गाण्याला दोन गायक असू शकतात हे त्याला नीट उमगलं. युगुलगीतांवर वाढलेल्या आपल्या देशाला कुणी आधी विचारलं असतं तर हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं. असो.

खरी गंमत गाण्यांच्या साठ्यात आहे. आमची गाणी आली कुठून? थोडी सीडीवरून, थोडी कॅसेटवरून, आणि बाकी सगळी एके काळी मोबाइलच्या दुकानात पंचवीस-पन्नास रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं तिथून. प्रत्येक गाण्याच्या फाइलीत गायकाचं नाव, आल्बमचं नाव लिहायला कप्पे असतात. त्यांना टॅग म्हणतात. दुकानदारांनी ही गाणी जिथून उतरवली त्या संकेतस्थळांनी प्रत्येक कप्प्यात स्वतःचंच नाव लिहून ठेवलेलं. त्यामुळे सर्व्हर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा आमच्या घरातला सर्वांत मोठा गायक एक डॉट कॉम निघाला. त्याने भजनंही गायली होती, लावण्याही, आणि नागपुरी लग्नातला बँडही वाजवला होता. दुसऱ्या क्रमांकावर ‘अननोन आर्टिस्ट’. लताबाई पाचव्या.

बरं, लताबाईंचंही एक ठिकाण नाही. काही जुन्या फाइलींत देवनागरी नाव रोमन लिपीच्या चष्म्यातून वाचलं गेलं होतं. संगणक देवनागरीच्या प्रत्येक खुणेसाठी तीन अंक साठवतो. रोमन समजून वाचलं की त्यातल्या पहिल्या अंकाचं डोक्यावर तिरका फराटा असलेलं ‘ए’ दिसतं आणि दुसऱ्याचं बहुतेक वेळा चलनाचं एक गोल चिन्ह, म्हणजे जे कुठल्याच देशाचं नाही ते. तिसऱ्याचं काय दिसेल हे अक्षरावर अवलंबून. ‘ल’ला मिळतो वर्गाचा वरचा दोन आणि काना झाला की पाऊण. त्यामुळे ‘लता’ हे नाव फराटा, पैसा, वर्ग, फराटा, पैसा, पैसा, फराटा, पैसा, पाऊण असं उमटतं. मी गणिताचा मास्तर होतो, तरी या समीकरणात गाणं ओळखू शकलो नाही.

नावं नीट उमटली, तर मानमरातब आडवा येतो. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि २००८ च्या सन्मानानंतर भरलेल्या फाइलींत भारतरत्न पंडित भीमसेन जोशी. सर्व्हरच्या हिशेबी हे चार गायक. तुकडोजी महाराजांचं तर विचारूच नका. श्री, संत, राष्ट्रसंत, वंदनीय राष्ट्रसंत, वं. रा. असे त्यांचे सात वेगळे कप्पे झाले होते. १९४२ च्या आंदोलनात इंग्रजांनी महाराजांना पकडून तुरुंगात ठेवलं. आमच्या सर्व्हरला त्यांना एका जागी ठेवता येईना.

या जातीच्या सर्व्हरांत याच्यावर एक तोड आधीपासून आहे. नावाच्या सुरुवातीचे कुठले शब्द क्रम लावताना सोडून द्यायचे, याची यादी असते. पण ती यादी तिकडची. इंग्रजी ‘द’, स्पॅनिश ‘एल’ आणि ‘लॉस’, फ्रेंच ‘ल’. एकात तर पोर्तुगीज ‘ओ’सुद्धा आहे, आणि त्यामुळे रोमनमध्ये टिंब न देता लिहिलेले ओ पी नय्यर ‘ओ’ गमावून ‘पी’त जाऊन बसतात. भाच्याने त्या यादीत ‘पं.’, ‘पंडित’, ‘उस्ताद’, ‘श्री’, ‘सौ.’, ‘कु.’ आणि ‘कै.’ घातले. सर्व्हर क्षणभर थांबला आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या पत्रिकांवरचा मजकूर त्याने निम्म्यावर आणला. तरी देवनागरी नावं काही ए-बी-सी-डीच्या ओळीत बसेनात. ज्यांना रोमन अक्षर नाही असे सगळे ‘#’ या खुणेखाली. शास्त्रीय, नाट्य, भाव, भक्ती, लोक, सगळं मराठी संगीत एका जाळीच्या पिशवीत.

आपल्या जुन्या लोकांना हा टॅगचा प्रश्न आधीच कळला होता, असं मला राहून राहून वाटतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कळावं ही बाई कोण. तुकडोजी महाराज तर भजनाच्या शेवटी ‘तुकड्या’ किंवा ‘तुकड्यादास’ म्हणून सही करूनच निघायचे. टॅग पुसला जाईल, कॅसेटवरचं लेबल गळून पडेल, पण शेवटच्या ओळीतलं नाव काढायला गाणंच तोडावं लागेल. भाच्याला म्हटलं, तुझ्या त्या तीस अक्षरांच्या कप्प्यापेक्षा ही पद्धत पक्की. जुन्या जातीच्या टॅगमध्ये खरंच नावाला तीसच घरं होती. देवनागरी एका खुणेला तीन खाते, म्हणजे दहा खुणांत नाव उरकायचं. ‘वंदनीय राष्ट्रसंत’मधला ‘वंदनीय’ लिहून होईतो सहा संपतात.

आता मुख्य प्रकरण. गुरुपौर्णिमेच्या दिवशी मामीने फोनवर ‘गुरु’ असं लिहून भजन शोधलं. सर्व्हरने तिला गरबा दिला. तिने पुन्हा ‘गुरू’ असा दीर्घ उकार देऊन पाहिलं. पुन्हा गरबा, आणि खाली ‘गरम मसाला’मधली गाणी. ती फोन घेऊन माडीवर गेली. “हे पाय. देवाचं मागून राहिली तं नाचायचं देऊन राहिला हा.”

भाच्याने सर्व्हरच्या पोटात हात घातला. शोध सोपा व्हावा म्हणून सर्व्हर प्रत्येक नावाची एक साफ केलेली प्रत आत ठेवतो, आणि आपण शोधायला लिहिलेलं नावही त्याच चाळणीतून काढतो. फ्रेंच किंवा पोर्तुगीज नावातल्या अक्षरांवर जे फराटे-टोप्या असतात त्या काढून टाकायच्या, म्हणजे ज्याच्या कीबोर्डवर त्या नाहीत त्यालाही गाणं सापडावं. हेतू चांगला. रीत अशी, की अक्षराला चिकटलेल्या पण स्वतः जागा न घेणाऱ्या सगळ्या खुणा उडवायच्या. जगभरच्या लिप्यांच्या युनिकोड नावाच्या दप्तरात प्रत्येक खुणेची तशी नोंदच असते. आणि त्या दप्तरात आपल्या बाराखडीची सरळ वाटणी झालेली आहे. काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, ओकार, औकार यांना अक्षराच्या शेजारी स्वतःची रुंदी आहे. उकार खाली लोंबतो, एकाराची मात्रा वर बसते, अनुस्वार टेकतो, हलंत कोपऱ्यात दडतो. यांच्या नावावर इंचभर जागा नाही. वनहक्काचे दावे पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. ज्याचा कब्जा कागदावर दिसला तो राहिला, बाकीचे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असूनही जागेवरून उठवले गेले.

भाच्याने त्या साफ केलेल्या नावांची यादी पडद्यावर काढली आणि आम्ही तिघं वाचत बसलो. कुमार गंधर्व यांचे झाले होते ‘कमार गधरव’. आशाबाईंचं आडनाव ‘भोसल’. भीमसेन ‘भीमसन’, हे निदान ओळखू तरी येत होते. मग मी म्हटलं, गावांची नावं घालून पाहू. मुंबईची ‘मबई’. चंद्रपूरचं ‘चदरपर’, हे वाचून मामीने पदर तोंडाला लावला. आणि पुण्याचं झालं ‘पण’.

पुण्याचं ‘पण’! मी तीन वेळा वाचून घेतलं. आयुष्यभर पुण्याच्या लोकांशी बोलताना मला जे वाटत आलं ते एका यंत्राने कुणाची भीडभाड न ठेवता लिहून दिलं होतं. बाकी काहीही दुरुस्त कर, हे एवढं राहू दे, असं मी भाच्याला खरंच म्हणालो. त्याने ऐकलं नाही. त्याचा पगार तिथून येतो.

“गडचिरोली घाल बरं,” मामी म्हणाली.

घातली. ‘गडचिरोली’ जशीच्या तशी बाहेर आली. पहिली वेलांटी, ओकार, दुसरी वेलांटी, सगळ्यांच्या नावावर जागा. वडसा साबूत. भामरागड साबूत. वरोरा, ताडोबा साबूत. अहेरीची एक मात्रा गेली तेवढीच. विकासाच्या कुठल्याही यादीत मुंबई-पुण्याच्या पुढे न गेलेला आमचा मुलूख या एका यादीत धडधाकट उभा होता आणि राजधानीची मबई झाली होती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली: रोमन अक्षरावरची खूण असेल तरच उडव. भाच्याने ती ओळ घातली, ‘गुरु’ शोधला, भजन लागलं. मामीने हात जोडले, सर्व्हरला की भाच्याला ते कळलं नाही. पंधरा मिनिटांनी मी पुलंच्या ‘वाऱ्यावरची वरात’चं ध्वनिमुद्रण शोधलं, तर ते गायब! कालपर्यंत होतं. निघालं असं, की ‘वाऱ्या’तला तो अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साध्या ‘र’चा पाय मोडून मागे एक अदृश्य सांधा घालायचा. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. फाइलीवर एक होता, माझ्या फोनचा कीबोर्ड दुसरा लिहीत होता. आधीची गचाळ चाळणी दोन्हींचा चुराडा करून जवळपास सारखाच लगदा करायची, म्हणून वरात चुकूनमाकून सापडत होती. चाळणी सुधारली आणि वरात हरवली. प्रोग्रामर मंडळींत याला ‘रिग्रेशन’ म्हणतात आणि त्याबद्दल कुणी कुणाला रागावत नाही. एसटीच्या वर्कशॉपात हा शब्द पोहोचायला हवा.

तोवर वडशाहून आतेभावाचा फोन आला. आतेभाऊ झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: दिवाळी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदियाकडच्या गावांत मंडई भरते, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. मंडळ्यांचा मुख्य अड्डा वडसा. याच रंगभूमीवर उभा जन्म काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. इथे नाटकात गाणं पडलं की वन्समोअर येतो, वन्समोअरबरोबर बक्षीस येतं, आणि बक्षीस देणाऱ्याचं नाव नाटक थांबवून माइकवर सांगितलं जातं. आतेभावाने असली नाटकं फोनवर रेकॉर्ड करून, गाणी वेगळी काढून, आमच्या सर्व्हरवर ठेवायला दिली होती. एका गाण्याला तीन वन्समोअर, म्हणून चार फाइली. चारीवर तेच नाव, तोच गायक, तेच नाटक, तोच क्रमांक.

“माझे वन्समोअर कुठं गेले बे?”

“कोणते वन्समोअर?”

“कोणते म्हंजे? कमिटीच्या समोर घेतले होते! तीन गेले, एकच उरला. तुमच्या त्या डब्याले सांग, फुकट नाही भेटत ते.”

भाचा पांढरा पडला. त्याच आठवड्यात त्याने कोडमधली दोन कार्यं, जी नव्वद टक्के सारखी दिसत होती, ती एक केली होती. प्रोग्रामरांचं एक व्रत आहे. तेही १९९९ सालच्याच एका पुस्तकातलं: तीच गोष्ट दोनदा लिहू नये. त्यातल्या एका कार्याला फाइल कुठे ठेवली आहे हे पाहायची सवय होती, दुसऱ्याला नव्हती. एक करताना सवय नसलेलं उरलं. मग ज्या चार फाइलींवर सगळं सारखं, त्या चार नव्हेतच, एकच आहेत, असं सर्व्हरने ठरवलं. ज्या मुलखात गाणं पुन्हा म्हणायला लावणं हाच गौरव, तिथे पुनरुक्ती टाळायचं व्रत घेतलेलं यंत्र आल्यावर दुसरं काय होणार? फाइली डिस्कवर होत्याच, पडद्यावरून तेवढ्या गेल्या होत्या. पण आतेभावाला ‘डिस्कवर आहेत’ हे पटवणं म्हणजे बक्षिसाचे पैसे कमिटीकडे जमा आहेत असं सांगण्यासारखंच. त्याचा ‘जमा’ या शब्दाचा अनुभव चांगला नाही.

चाळणीची आणि वन्समोअरची, अशा दोन्ही दुरुस्त्या भाच्याने मूळ प्रकल्पाकडे पाठवल्या. तिथे परक्या देशातला एक सज्जन, बिनपगारी, त्याच्या सवडीने प्रत्येक ओळ तपासतो. वन्समोअरवर त्याचा पहिला प्रश्न असा होता, की एकाच आल्बममध्ये एकच गाणं चार वेळा का असावं, ही ध्वनिमुद्रणातली चूक नाही का? भाच्याने मोठं उत्तर लिहिलं. शंकरपट, मंडई, ऑर्गन, बक्षीस, माइकवरचं नाव, सगळं. चार दिवस शांतता. मग उत्तर आलं: कळलं, मान्य, आणि या नाटकाचं एखादं गाणं ऐकायला मिळेल का? आतेभावाला सांगितल्यावर तो म्हणाला, “पाठव. पण चारही पाठव.”

पुण्याच्या दुरुस्तीसाठी मात्र चाचण्या जोडा, असं त्याने बजावलं. म्हणजे ठरावीक नावं कोडमध्ये लिहून ठेवायची; पुढे जगात कुठेही, कुणीही, काहीही बदललं की यंत्र आधी ती नावं तपासणार. भाच्याने यादी दिली: पुणे, मुंबई, चंद्रपूर, अहेरी, गडचिरोली. तपासणीसाने गडचिरोलीवर बोट ठेवलं. हे नाव दुरुस्तीच्या आधीही बरोबरच येत होतं, याने काही सिद्ध होत नाही, काढून टाका.

मी म्हटलं, झालं, इथेही वगळली का?

“मामा, तसं नाही. गडचिरोलीत काही बिघडलेलंच नव्हतं, असं म्हणून राहिला तो.”

हे वाक्य माझ्या साठ-पासष्ट वर्षांत मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. भाच्याकडून त्याची प्रिंट काढून घेतली आहे.

गडचिरोलीच्या जागी काय टाकावं याचा रात्री बराच खल झाला. शेवटी मामीने सुचवलं ‘राजुऱ्याला’. त्यात उकार आहे आणि वाऱ्यातला अर्धा ‘र’ही आहे, म्हणजे एका शब्दात दोन्ही किडे तपासून होतात. तपासणीसाने ते त्याच दिवशी मंजूर केलं. राजुऱ्याच्या आमच्या व्याह्यांना हे कळल्यापासून त्यांचा एकच प्रश्न आहे, की गावाचं नाव जगभर वापरल्याबद्दल नगर परिषदेला काही मिळतं का.